खिडकीकडे तोंड करून

दातांच्या डॉक्टरांनी ड्रॉवर उघडून माझ्या मुलीला एक हिरवी प्लास्टिकची मगर दिली. आ वासलेली, सगळे दात शाबूत असलेली. न रडता दाढ तपासू दिल्याचं बक्षीस. बटणने ती घेतली. नाकामुळे तिला घरात सगळे बटण म्हणतात. घेतली आणि गालाशी धरली, मान जराशी कलती केली, दवाखान्यात खिडकी कुठे आहे ते शोधून तिकडे तोंड केलं, आणि थांबली. ओठ किंचित विलग, नजर उजेडात, मगरीच्या शेपटीवर दोन बोटं. "अरे वा, काय ऐट आहे!" डॉक्टर म्हणाले. हातमोजे काढत असलेली त्यांची मदतनीस "किती गोड" म्हणाली. बटण हलेना. आम्ही तिघंही तिच्याकडे बघत राहिलो, आणि मला कळायच्या आत माझ्याच तोंडून सवयीने निघालं, "झालं." लगेच तिची मान सरळ झाली, अंगातून सदरा काढून ठेवावा तसा तो चेहरा उतरला, आणि तिने मगर डॉक्टरांच्या टेबलावर नीट, शेपूट आत वळवून ठेवली. "अगं, तुझीच आहे ती. घरी न्यायची," डॉक्टर म्हणाले. तिने आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. या माणसाला कामातलं काहीच कळत नाही, अशा नजरेने. "आई," तिने विचारलं, "यांच्याकडे टेप आहे का?"

मगर शेवटी डॉक्टरांनी माझ्या पर्समध्ये कोंबली, आणि वर म्हणाले, "हट्ट नाही, काही नाही. छान वळण लावलंय, मॅडम." दिवसभर लोकांच्या तोंडात दिवा धरून डोकावणाऱ्या माणसाला एवढंच दिसावं, याची मला गंमत वाटली. गंमत म्हणजे काय, कीवच. जिन्यात, रस्त्यावर, कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानापाशी, मी त्या डॉक्टरांचा मनातल्या मनात पाणउतारा करत चालले होते. त्यांच्या भिंतीवरच्या हसऱ्या दाताच्या चित्राचा, त्या मदतनीस बाईच्या "किती गोड"चा. हे मला छान जमतं. कुणाचाही पाणउतारा सुरू केला की तेवढ्यापुरतं हलकं वाटतं. बटणचा हात माझ्या हातात होता, गरम आणि थोडा चिकट. ती मगरीबद्दल एक अक्षर बोलली नाही. दुसरं कुठलंही मूल पर्स ओढून ओढून फाडून टाकतं. रस्त्यापलीकडे तसं एक मूल होतंही, फुग्यासाठी फूटपाथवर लोळण घेतलेलं, आणि त्याची आई लाजेने लाल होऊन इकडेतिकडे बघत होती. तिची नजर माझ्या शहाण्या मुलीवर आली आणि तिथेच राहिली. एरवी अशा नजरेने मी सुखावते. त्या दिवशी मला त्या बाईचा इतका हेवा वाटला की मी बटणला घेऊन भराभरा पुढे गेले.

मी बाहुल्या विकते. कापडाच्या, हातशिवणीच्या, लोकरीच्या केसांच्या. दुकान फोनमध्ये आहे आणि कारखाना झोपायच्या खोलीत, कपाट आणि पलंग यांच्यामधल्या पट्ट्यात. बटण झाल्यावर नोकरी सुटली. म्हणजे सुटली असं मी सांगते, सोडली असं माझी आई सांगते, आणि नवरा "तिचं ते बाहुल्यांचं चालू आहे" असं सांगतो. 'ते बाहुल्यांचं' म्हणजे हात-पाय-धड वेगवेगळं कापायचं, उलट्या बाजूने शिवायचं, मग बोटाएवढ्या अरुंद नळीतून ते सगळं सुलट करायचं. सगळ्यात छळवाद हातांचा. पेन्सिलीच्या बोथट टोकाने कापूस ढकलत ढकलत पार पंजापर्यंत न्यावा लागतो, आणि मध्ये एक जरी गुठळी राहिली तर बाहुलीचा हात मोडून बसल्यासारखा दिसतो. डोळे मी दोऱ्याने भरते. मण्यांचे लावत नाही. मणी निघतो, तोंडात जातो, घशात अडकतो. हे सगळं मी रोज बघते. म्हणजे डोळ्यांसमोर बघते. अजून कुठल्याच मुलाच्या घशात काही गेलेलं नाही, पण मी प्रत्येक टाका तो मणी अडकलाय असं समजून ओढते. आणि ही बाहुली ज्यांच्या घरी जाते त्या बायका मला लिहितात, "किती प्रेमाने केलंय हो! हातांनी केलेल्या वस्तूत एक ऊब असते." ऊब! यंत्रावर कपडे धुणाऱ्या, यंत्रावर भांडी घासणाऱ्या, पोरांना यंत्रासमोर बसवून जेवू घालणाऱ्या या बायांना दुसऱ्या बाईच्या हातांची भारी ओढ. मी त्यांना खाली लाल बदाम टाकून उत्तर देते. बदाम टाकताना माझा चेहरा कसा असतो हे त्यांना दिसत नाही, हा या धंद्याचा एकुलता एक फायदा.

पहिले काही महिने कुणी कुत्रंही फिरकलं नव्हतं. मी बाहुल्या खुर्चीवर बसवायची, पांढऱ्या चादरीवर निजवायची, कुंडीला टेकवायची. सगळ्या प्रेतासारख्या दिसायच्या. मग एकदा मी फोन रोखलेला असताना बटण रांगत मधे आली आणि तिने बाहुलीचा पाय धरून गाल तिच्या पोटावर टेकवला. पडद्यातून उजेड येत होता. मी तिला "हट गं" म्हणता म्हणता बोट पडलं आणि फोटो निघाला. तो फोटो मी असाच टाकला, आणि तासाभरात बाहुली गेली. दुसरीही. नणंदेचा फोन आला. ती स्वतःच्या केसांचे, कॉफीच्या कपांचे आणि उदास होण्याचे फोटो टाकून बऱ्यापैकी प्रसिद्ध आहे. "वहिनी, बाहुली राहू दे बाजूला. तू बटणला विकतेयस! सॉलिड आयडिया आहे." मला राग आला. मी म्हटलं, "काहीतरी बोलू नकोस." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्टूल खिडकीशी नेऊन ठेवलं.

मग पद्धत बसत गेली. सकाळी ऊन समोरच्या इमारतीच्या काचेवर आपटून आमच्या पडद्यात येतं, तेव्हा चादर अंथरायची, बटणला स्टुलावर बसवायचं, बाहुली हातात द्यायची. "गालाशी धर" म्हटलं की गालाशी. "लाड कर" म्हटलं की हनुवटी बाहुलीच्या डोक्यावर. "झोप" म्हटलं की चादरीवर आडवी, डोळे मिटून, पण फार घट्ट नाही, पापण्या थरथरल्या तर चालत नाही. "खेळ" म्हटलं की बाहुलीचा हात दोन बोटांत धरून खाली बघायचं. आणि "झालं" म्हटलं की झालं. बाहुली माझ्या हातात, तिच्या अंगावरचे बटणचे केस मी चिकटपट्टीने टिपून घेणार, पातळ कागदात गुंडाळणार, खोक्यात घालणार, टेप लावणार. "आता ही मावशीकडे जाणार." प्रत्येक बाहुली कुठल्या ना कुठल्या मावशीकडे जाते. एवढ्या मावश्या असलेली मुलगी जगाच्या पाठीवर दुसरी नसेल. पहिल्या पहिल्यांदा ती रडायची. नुसती रडायची नाही, खोक्यावर पालथी पडायची, टेप नखांनी उकरायची, आणि एकदा तर इतकी रडली की ओकली. त्या दिवशी मी नणंदेला बोलून गेले. ती म्हणाली, "अगं मग रडतानाचेही काढ ना. रिअल वाटतं." मी तिला मनातल्या मनात जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. पण मला स्वच्छ आठवतं, की फोन ठेवल्यावर मी खरंच क्षणभर विचार केला, रडताना उजेड कुठून घ्यावा.

पुढे ती रडेनाशी झाली. मग स्वतःच बाहुली हातात आणून द्यायला लागली, मग टेपचं टोक शोधून द्यायला. मी सगळ्यांना कौतुकाने सांगितलं. आई फोनवर म्हणाली, "गुणाची गं माझी. तू नव्हतीस हो अशी. तुला ती कपाटातली बाहुली हवी म्हणून तू किती आकांत केलेलास, आठवतंय?" आठवतंय. काचेच्या कपाटात, वरच्या फळीवर, निळ्या झग्यातली, सोनेरी केसांची. तिच्या अंगावरची प्लास्टिकची पिशवीसुद्धा काढलेली नव्हती. कुणी पाहुणे आले की आई म्हणायची, ही हिची बाहुली. माझी! मी स्टुलावर चढून काचेला नाक लावायची, काचेवर वाफ धरायची, आणि आई फडक्याने वाफ पुसायची. "म्हणून तर अजून नवी आहे," आई आजही अभिमानाने सांगते. तिला वाटतं ही बाहुलीची गोष्ट आहे. मी आईला फोनवर हं हं करत असते आणि समोरच्या काचेत माझं नाक बघत असते. आणि आपण काही आईसारख्या नाही, आपण तर बाहुली मुलीच्या हातात देतो, असं स्वतःला समजावत असते. शिकलेल्या बाईला स्वतःची समजूत काढायला फार वेळ लागत नाही.

दवाखान्यातून घरी आले तर दाराला पार्सल टेकवून ठेवलेलं. आमचंच खोकं, आमचीच टेप, वर दुसऱ्या टेपचे ओबडधोबड पट्टे. पिवळ्या फ्रॉकची बाहुली परत आली होती. तिची भानगड मला आधीच कळली होती. "हाय डिअर, बाहुली मिळाली," त्या बाईने लिहिलं होतं. "पण फोटोत होती तशी वाटत नाही." मी विचारलं, रंग वेगळा वाटतो का? "नाही, रंग तोच." शिवण कुठे उसवली आहे का? "नाही नाही, काम सुंदर आहे. कसं सांगू? फोटोत ती जिवंत वाटत होती. इथे नुसती पडून राहिलीय. माझी मुलगी बघतही नाही तिच्याकडे." मी बराच वेळ त्या ओळींकडे बघत होते. फोटोत होती आणि पार्सलमध्ये नव्हती अशी एकच गोष्ट होती, आणि ती त्या वेळी स्वयंपाकघराच्या ओट्याखाली बसून टेपच्या रिकाम्या रिंगा एकात एक घालत होती. तेच तिचे खेळ. रिंगा, रिळं, कापसाची रिकामी पिशवी. "काही हरकत नाही, परत पाठवा," मी लिहिलं, आणि बदाम टाकला. त्या बाईला मी इतकं तुच्छ लेखलं, इतकं लेखलं, की दिवस चांगला गेला.

संध्याकाळी नवऱ्याला मगरीची हकिगत सांगितली. तो बूट काढता काढता हसला. "टेप मागितली? डॉक्टरकडे? वा! तुझ्यावर गेलीय. आता गल्ल्यावर बसव तिला."

"हसण्यासारखं नाहीये त्यात."

"बरं, नाही हसत. पण झालं काय एवढं? खेळणं परत केलं. चांगलंच आहे की."

"तिला कळतच नाही रे, की एखादी गोष्ट आपली असते."

"मग देऊन टाक ना एक बाहुली. घरात ढीग पडलाय. मी परवा अंघोळीला गेलो तर बादलीत एक मुंडकं." त्याने मोजे गोळा करून कोपऱ्यात फेकले. "तू ना, उगाच काहीतरी डोक्यात घेऊन बसतेस."

त्याचं सगळं असंच असतं. बल्ब गेला, बल्ब आण. मुलीला काही आपलं वाटत नाही, बाहुली दे. त्याला मी कधीच काही समजावून सांगत नाही, कारण तो समजून घेईल अशी मला भीती वाटते. समजून घेतलं की तो म्हणणार, मग बंद कर. आणि बंद केलं तर मी काय? कपाट आणि पलंग यांच्यामधली ती पट्टी सोडली, तर या घरात माझ्या एकटीचं असं दुसरं काय आहे? मोजे उचलताना मला हे इतकं लख्ख दिसलं की मी ते तसेच हातात धरून उभी राहिले. जे हवंय ते मला सोडायचं नव्हतं, आणि बटणला मात्र सोडायला शिकवून झालं होतं. तो टीव्हीसमोर बसला होता. बटण त्याच्या मांडीवर होती, पण बसली नव्हती, ठेवल्यासारखी होती. त्याने हात काढला की लगेच उतरायच्या बेताने. त्याला ते जाणवतही नव्हतं. मी मात्र बघत होते. माझं बघणं हा माझा रोगच आहे.

दुसऱ्या दिवशी नवरा गेल्यावर मी ते परत आलेलं खोकं फोडलं. नवी देऊ की हीच देऊ, असा प्रश्न मला पडायला हवा होता, पण पडला नाही. विकली जाऊ शकेल अशी बाहुली मुलीला द्यायची एवढं औदार्य माझ्यात नव्हतं, आणि ते मला आधीच ठाऊक होतं. पिवळी बाहुली बाहेर काढली. तिला परक्या घराचा वास येत होता, कसल्यातरी साबणाचा. बटण रिंगा सोडून उठून आली.

"ही पिवळी," ती म्हणाली. "ही गेली होती ना?"

तिला सगळ्या आठवतात. हे मला तोवर माहीत नव्हतं.

"हो. परत आली."

"का?"

"त्यांना नको होती."

बटणने बाहुलीच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. "तिने काय केलं?"

"काही नाही गं. काही केलं नाही तिने."

"रडली?"

मी तिच्यासमोर खाली बसले. गुडघ्याला फरशी गार लागली. "हे बघ, बटण. ही आता तुझी. ही कुठे जाणार नाही."

"कुठल्या मावशीची?"

"कुठल्याच मावशीची नाही. तुझी. ठेवायची. रोज."

मग तिने बाहुली घेतली, तिच्या फ्रॉकची घडी ओढून सरळ केली, तुरुतुरु खिडकीशी गेली, स्टुलावर चढली. पडद्यात ऊन आलेलं होतं. बाहुली गालाशी, मान कलती, खिडकीकडे तोंड. आणि थांबली.

"अगं, फोटो नाही काढायचा," मी म्हटलं. "खेळ तू."

तिने लगेच बाहुलीचा हात दोन बोटांत धरला आणि खाली बघितलं.

"तसं नाही. खरं खेळ. झोपव तिला, लाड कर तिचे," मी बोलत गेले, आणि ती करत गेली. चादर अंथरलेली नव्हती, म्हणून तिने क्षणभर जमिनीकडे बघितलं आणि स्टुलावरच मान टाकून पापण्या हलक्या मिटल्या. मग हनुवटी बाहुलीच्या डोक्यावर. एकेक, बिनचूक, मी शिकवलं तसं. माझ्या तोंडातला प्रत्येक शब्द मी आधीच वापरून ठेवला होता. आईच्या तोंडचे साधे शब्द, कुठल्याही घरात कुठलीही बाई दिवसभर बोलते ते. आणि त्यातला एकही माझ्याकडे शिल्लक नव्हता. ती पुन्हा पहिल्यावर आली: गालाशी, कलती, खिडकीकडे.

एकच शब्द उरला होता. तो म्हटला की ती सुटणार, आणि बाहुली माझ्या हातात देणार.

चादरीच्या घडीवर पडलेला फोन थरथरला. मान न वळवता मला वाचता आलं: पिवळ्या फ्रॉकवाली अजून आहे का? आणि त्याच वेळी, लाज वाटते म्हणायला पण वाटली नाही, माझ्या लक्षात आलं की इतका चांगला उजेड महिनाभरात पडला नव्हता. तिच्या कानाच्या पाळीतून तो आरपार येत होता. बाहुलीच्या हिरव्या केसांतला एक धागा तिच्या ओठाला चिकटला होता आणि श्वासाबरोबर हलत होता. माझी बोटं आपोआप चौकट धरू लागली. वरून थोडं कापायचं, स्टुलाचा पाय वगळायचा. मी जन्मभर ज्यांना ज्यांना हसले त्या सगळ्या, ऊब मागणाऱ्या, वाफ पुसणाऱ्या, रडताना काढ म्हणणाऱ्या, त्या खोलीत माझ्या मागे ओळीने येऊन उभ्या राहिल्या होत्या आणि म्हणत होत्या, अगं काढ ना, काय होतंय. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले.

बटण थांबली होती. किती छान थांबते ती! दंड भरून आला असणार, कारण कोपर हळूहळू खाली यायला लागलं आणि तिने ते पुन्हा वर केलं. पुन्हा खाली आलं. ओठ कोरडा पडला म्हणून तिने जीभ फिरवली, पटकन, मी बघत नाही असं वाटून. फोन दुसऱ्यांदा थरथरला. ती डोळ्यांच्या कडेने माझ्याकडे बघू लागली.

"आई," ती ओठ न हलवता म्हणाली. "म्हण ना."

मी दात आवळले. दाढा एकमेकींवर इतक्या रुतल्या की कानापर्यंत कळ गेली. बाहुली आता गालावरून घसरत चालली होती, कानाखाली, खांद्यावर, दंडाच्या बेचक्यात. पडणार असं वाटलं तेव्हा बटणने झटकन दुसरा हात खालून लावला आणि तिला पोटाशी गच्च आवळून धरलं. फ्रॉक चुरगळला. बाहुलीचं तोंड तिच्या झबल्यात दाबलं गेलं, काही दिसेनासं झालं. असा फोटो आमच्याकडे एकही नाही.

"आई, म्हण ना गं," ती पुन्हा म्हणाली, रडवेली होऊन.

मी म्हटलं नाही.